कोऱ्हाळ्याचं लोखंड, इंदापूरचं डाळिंब आणि इराचं काळं झबलं

२० जानेवारी

आधी माफी मागते. दिवाळीच्या आधी इथं शेवटचं लिहिलं होतं आणि त्या लेखाच्या शेवटी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते, की पुढच्या वेळी झाडपाल्याच्या रंगांतला सगळ्यांत हट्टी रंग दाखवते, काळा. त्यानंतर तो काळा काही जमेना. पातेल्यातून दरवेळी राखाडीच बाहेर यायचा, उंदराच्या अंगासारखा. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं, "ताई, काळ्याचं काय झालं?" मी उत्तर दिलं नाही. खोटं लिहवत नव्हतं आणि खरं लिहायला लाज वाटत होती. आज लिहिते आहे, कारण काळा झाला. त्यात माझा वाटा किती, हे शेवटी तुम्हीच ठरवा. मी चार दिवस तेच ठरवते आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी पुण्यात घरी लहान मुलांचे कपडे शिवते. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी. शिवून झाले की ते हळद, मंजिष्ठ, डाळिंबाची साल, नीळ असल्या रंगांत रंगवते. आधी शिवायचं आणि मग रंगवायचं, म्हणजे बाही एका छटेची आणि पाठ दुसऱ्या छटेची असं होत नाही.

या वेळचं झबलं इराचं होतं. इरा म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलीची, गौरीची लेक. बारामतीला जळोचीत राहतात ते. इराची ही पहिली संक्रांत, म्हणजे बोरन्हाण आलं आणि बोरन्हाण म्हणजे काळे कपडे आले. पण मागं एका लग्नात गौरीनं तिला दुकानातला गडद फ्रॉक घातला होता. घाम आल्यावर त्याचा रंग मानेला नि काखेला उतरला आणि पोरीच्या अंगावर लाल चट्टे उठले. तेव्हापासून गौरीचं एकच म्हणणं, "काळं कापड तिच्या अंगाला लागू देणार नाही." तर गौरीच्या आजेसासूबाईंचं, जिजींचं म्हणणं, "काळ्याबिगर बोरन्हाण? मग नुसती बोरं खावा की." दोघी एका घरात राहतात, दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे आणि दोघी हट्टी आहेत. या विषयावर बोलणं बंद होण्याची पाळी आली, तेव्हा मी फोनवर म्हणाले, "मी करते काळं. अंगाला न लागणारं."

हा शब्द दिला तेव्हा माझ्या पातेल्यात राखाडी होतं.

बोरन्हाण रविवारी होतं. झबलं आणि टोपडं शिवून तयार होतं, जुन्या मऊ पांढऱ्या मलमलचं. मी आणि अविनाशनं, माझ्या नवऱ्यानं, गुरुवारी सकाळी निघायचं ठरवलं. तो दिवस संक्रांतीचा दुसरा, किंक्रांतीचा. गौरीच्या सासूबाई शालनबाई कोऱ्हाळे बुद्रुकला शेतावर राहतात. त्यांचा आदल्या दिवशी फोन आला.

"विहीणबाई, किंक्रांतीला कोण निघतंय का कामाला?"

"रविवार गाठायचाय ना. मग कधी निघू?"

"निगा मग. पर काळंच करायला निघालाय म्हटल्यावर किंक्रांत तुमचं आनि काय वाईट करनार!"

निघालो.

गुरुवार: लोणी भापकर, कोऱ्हाळे

पुण्याहून आम्ही दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव असे गेलो. घाटात सकाळी ट्रक असतात, लवकर निघालात तर बरं. स्वतःची गाडी नसेल तर स्वारगेटहून बारामतीला थेट एस.टी. मिळते आणि ती सोयीची आहे, फक्त आतल्या गावांना जायला मग रिक्षा किंवा ओळखीचा माणूस लागतो. एक सूचना मनापासून: हा साखर कारखान्यांचा हंगाम आहे. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर असतात. मागं लाल दिवा असेलच असं नाही. घाई करू नका, मागं मागं जा, वाटेत पडलेला ऊस बघत.

मोरगावात गरम वडापाव खाल्ला आणि आत वळून लोणी भापकरला गेलो. हे माझ्या आग्रहाखातर. तिथं एक तात्या राहतात, त्यांच्या घरी पूर्वी मोठा कळप होता, आता शेती आहे आणि दाराशी चार मेंढरं. त्यांच्याकडची जुनी घोंगडी किती वर्षं झाली तरी तशीच काळीभोर आहे, असं मला शालनबाईंनीच सांगितलं होतं. मी मनात धरलं होतं, की या लोकांकडं काळ्या रंगाची काहीतरी जुनी कृती असणार.

तात्यांनी घोंगडी खाटेवर पसरली. खरंच काय काळी! मी हात फिरवत विचारलं, "तात्या, हा काळा कशानं करतात?"

"कशानं म्हंजी?"

"म्हणजे रंग कुठला देतात? साल, पाला, काय?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग अविनाशकडं बघितलं.

"अविनाशराव, तुमी ह्यास्नी सांगितलं न्हाय व्हय?" आणि मग माझ्याकडं वळून, अगदी सावकाश, "अवो ताई, मेंढरूच काळं हुतं."

अविनाश पडवीतून बाहेर गेला. त्याचे खांदे हलताना दिसत होते.

मी रंगाचं काम इतकी वर्षं करते आहे. लोकरीला रंग देत नसतील, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. ज्याच्या हातात रंगाचं पातेलं असतं, त्याला जगात सगळं रंगवलेलंच दिसतं. तात्यांना मात्र माझी दया आली असावी. त्यांनी चहा केला आणि म्हणाले, "नातीला घोंगडीचाच झगा शिवा की. धुवायचा बी घोर न्हाय."

"टोचेल हो तिला."

"टोचू द्या. टोचलं म्हंजी मानूस जागं ऱ्हातं. जागं ऱ्हायलं म्हंजी मेंढरं ऱ्हात्यात."

गावातली पायऱ्यांची जुनी पुष्करणी बघून घ्या, गेलात तर. दुपारच्या उन्हात तिच्या दगडावर कोरलेली नक्षी फार सुंदर दिसते. मी तिथं अर्धा वेळ दगड काळा कशानं झाला असेल याचाच विचार करत होते, तेव्हा अविनाश म्हणाला, "दगडच काळा होता." हे वाक्य आता आमच्या घरात कायमचं राहणार.

तिसऱ्या प्रहरी कोऱ्हाळ्याला पोचलो. आता इथं जरा रंगाचं सांगायला हवं. झाडपाल्याचा काळा दोन गोष्टी भेटल्यावर होतो: तुरट साल आणि लोखंडाचं पाणी. हिरडा, डाळिंब, बाभूळ यांच्यातला तुरटपणा कापडात मुरवायचा आणि मग ते कापड लोखंडाच्या पाण्यात बुडवायचं. लोखंडाचं पाणी करायचं तर लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात घालून आठवडेच्या आठवडे आंबवत ठेवायचे. दिवाळीत मी पुण्यात एक बरणी घातली होती. बरणी फसली तर हाताशी दुसरं असावं, म्हणून शालनबाईंनाही फोनवर सांगितलं होतं, "एक डबा तुम्ही पण घाला." त्यानंतर त्या डब्याची चौकशी मी केली नव्हती. खरं सांगायचं तर विश्वास नव्हता. फोनवर सांगितलेलं मोजमाप कोण पाळतं!

शालनबाई गोठ्याच्या मागं घेऊन गेल्या. पत्र्याच्या आडोशाला तेलाचा जुना डबा होता, वर ओलं पोतं. पोतं काढलं तर असा भपकारा आला की बांधलेली गाय मागं सरकली. पाणी काळपट, वर तेलासारखी साय.

"काय घातलंत यात?"

"पत्र्या."

म्हणजे बैलांच्या खुरांना मारतात ते लोखंडी नाल. ऊसतोडीच्या गाड्यांचे बैल रस्त्यानं चालून चालून पत्र्या झिजवतात, मग जुन्या काढून नव्या मारतात. त्या जुन्या झिजलेल्या पत्र्या शालनबाईंनी ओंजळभर उचलून आणल्या होत्या.

"आणि गूळ किती?"

"गूळ कशाला? काकवी हुती घरची, वतली."

"किती ओतली?"

"वतली तेवढी."

मी माझी बरणी गाडीतून आणली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला जे पुण्यात तीन महिने दिसलं नव्हतं ते एका नजरेत दिसलं. माझ्या बरणीतले खिळे चकचकीत होते. तळाशी, गुळाच्या पाण्यात, नव्यासारखे. दुकानातून आणलेले, गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले खिळे. गंजू नये म्हणून केलेल्या वस्तूनं गंजावं, याची मी रोज झाकण उघडून वाट बघत होते.

हे मी शालनबाईंना सांगितलं. लपवता आलं असतं.

"आगं आई गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना इतकं हसू आलं की त्या गोठ्याच्या खांबाला टेकल्या. "रोज उघडून बगत हुता व्हय? आमी तर डबा ठिवला आन् इसारलो. तुमी येनार कळलं तवा आठवलं, डबा हाय म्हनून!"

हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली चिंधी माझ्याकडं होती. तिच्यावर डब्यातल्या पाण्याचा एक थेंब सोडला. पांढरट पिवळ्या चिंधीवर थेंब पडला आणि तिथल्या तिथं शाई सांडल्यासारखा काळानिळा झाला. मी ओरडलेच. शालनबाईंनी चिंधी हातात घेतली, उन्हाकडं धरली आणि शांतपणे म्हणाल्या, "मला ठावंच हुतं."

अजिबात ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोऱ्हाळ्यातल्या चार घरांना कळलं, की काळा रंग शालनबाईंनी शोधला.

रात्रीच्या जेवणाला बाजरीची भाकरी, भोगीची राहिलेली मिसळभाजी आणि किंक्रांतीची धिरडी. इथं राहायला हॉटेल शोधू नका, बारामतीत भरपूर आहेत.

शुक्रवार: इंदापूर

निळसर काळा हिरड्यानं मिळतो. खोल, ऊबदार काळा हवा असेल तर डाळिंबाची साल हवी आणि माझ्याकडची संपली होती. पुण्यात रसवाल्याकडं मिळाली असती, हे कबूल करते. पण शालनबाईंच्या थोरल्या भावाची, आबांची, निमगाव केतकीच्या अलीकडं डाळिंबाची बाग आहे आणि अविनाशला उजनीच्या पाण्यावरचे पक्षी बघायचे होते. अशा दोन कारणांवर प्रवास ठरतो, एकावर ठरत नाही.

बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे करत रस्ता चांगला आहे. उसाची हिरवी भिंत हळूहळू विरळ होते आणि डाळिंबाच्या बुटक्या बागा सुरू होतात. आबांनी तडकलेली फळं, जी बाजारात जात नाहीत, बांधावर बाजूला काढून ठेवली होती. काहींच्या साली पत्र्यावर वाळत घातल्या होत्या, कडक, चामड्यासारख्या.

"शालननं सांगितलं म्हनून वाळवल्या. पर ह्याचं करनार काय तुमी?"

"रंग."

आबांनी आपल्या सदऱ्याची बाही पुढं केली. कोपरापर्यंत तपकिरी डाग. "हा रंग? हा डाग जात न्हाय म्हनून आमची मालकीन जलमभर शिव्या देती. आन् तुमी पुण्यावनं गाडी करून डाग न्यायला आला?"

"हो, तसंच आहे ते."

"मग माझा सदराच घिऊन जावा."

निघताना त्यांनी एक पोतं सालींचं दिलं आणि एक पिशवी चांगल्या फळांची. फळांचे पैसे घेतले नाहीत. सालींचे पैसे विचारले, तर चिडले.

इंदापूर गावात चहा घेऊन आम्ही सोलापूर रस्त्यानं पळसदेवकडं वळलो. उजनीचं पाणी या दिवसांत भरपूर असतं. काठावर मच्छीमारांच्या होड्या असतात, ठरवून फिरवून आणतात, भाव आधी बोलून घ्या. रोहित पक्षी लांब होते, पाण्यावर गुलाबी रेघ दिसावी तेवढेच. अविनाश दुर्बिणीतून बघत राहिला. मी काठाच्या बाभळीच्या शेंगा गोळा केल्या. मग भिगवणला मासे. ताजी चिलापी तळलेली, ज्वारीची भाकरी, झणझणीत रस्सा. दोघांचं जेवण पुण्यातल्या एका थाळीच्या भावात झालं. भिगवणहून थेट रस्त्यानं संध्याकाळी जळोचीला.

दार जिजींनी उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, कमरेत वाकलेल्या, आवाज मात्र सरळ.

"आलीस? काळं झालं?"

"उद्या होईल, जिजी."

"न्हाय झालं तर?"

मागं गौरी इराला कडेवर घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. तिलाही तोच प्रश्न होता, फक्त जिजींच्या विरुद्ध बाजूनं.

शनिवार: पातेलं

घराच्या मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली. शालनबाई सकाळीच डबा घेऊन हजर. धाकट्या मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसून, मांडीवर तो वास मारणारा डबा धरून कोऱ्हाळ्याहून जळोचीपर्यंत आल्या. वाटेत लोक वळून बघत होते, असं अभिमानानं सांगितलं.

करून बघायचं असेल तर क्रम सांगते. कापड रिठ्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ करा. हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवा. हे मी पुण्यातच केलं होतं. मग डाळिंबाच्या साली, मूठभर बाभळीच्या शेंगा उकळून गाळा, त्या काढ्यात कापड मंद आचेवर शिजवा. पिळून मग लोखंडाच्या गार पाण्यात थोडाच वेळ बुडवा. पुन्हा काढ्यात, पुन्हा लोखंडात. पातेलं स्वयंपाकाचं नको. लोखंडाचं पाणी मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका. आणि लोखंड जास्त वेळ बसलं तर कापड पुढं लवकर विरतं, हे मी दरवेळी सांगते, आजही सांगते.

पहिल्या बुडवणीत झबलं राखाडी झालं. पुन्हा काढ्यात. दुसऱ्या बुडवणीत पाण्याखाली रंग पळताना दिसला, कडेकडून आत, ढग भरून यावा तसा. तिसऱ्यांदा काढलं, तेव्हा काळं. राखाडी नाही, तपकिरी नाही. काळं.

"झालं!" शालनबाई ओरडल्या. "गौरे, ये बाहीर! माजा काळा झाला!"

गौरी आली. तिनं झबलं झटकून उलगडलं आणि थांबली.

"मावशी, हे पांढरं काय आहे?"

गळ्याभोवती दुहेरी पांढरी टीप. बाह्यांच्या कडेला. खालच्या घेराला तीन ओळी. टोपड्याच्या काठाला. प्रत्येक टाका काळ्या कापडावर दात काढून हसत होता.

मला लगेच कळलं. झाडपाल्याचा रंग सुती दोऱ्याला लागतो, पॉलिस्टरच्या दोऱ्याला लागत नाही. हे मी तुम्हाला इथं किती वेळा सांगितलं असेल! आतल्या शिवणी सुती दोऱ्याच्या होत्या, त्या नीट काळ्या झाल्या होत्या. शेवटच्या, शोभेच्या टिपा घालताना सुती रीळ संपली आणि मी डब्यातली लेबल निघालेली दुसरी रीळ मशीनवर चढवली. पांढऱ्यावर पांढरा दोरा, फरक दिसणार कसा. बोटाला जाणवायला हवा होता.

"मार्करनं भरून टाकू?" गौरी म्हणाली.

"तिच्या गळ्याशी मार्कर?"

"मग काजळ लावा," शालनबाई म्हणाल्या.

"काजळ अंगाला उतरेल. तेच तर नको होतं आपल्याला."

टिपा उसवून पुन्हा घालायच्या, तर ओलं, नुकतं रंगलेलं कापड टाक्यांच्या भोकांतून फाटलं असतं. दुसरं कापड रंगवायला हिरड्यापासून सुरुवात, आणि रविवार दारात. मी झबलं बादलीत घातलं आणि धुवायला लागले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. धुतलं, ओल्या पांढऱ्या रुमालानं घासलं. रुमालाला करडा डाग आला. पुन्हा धुतलं. पुन्हा डाग, फिकट. गौरी शेजारी येऊन बसली आणि बादल्या भरून द्यायला लागली. किती वेळा धुतलं ते आठवत नाही. अखेर रुमाल पांढराच्या पांढरा निघाला. गौरीनं तो माझ्या हातातून घेतला, उलटून पालटून बघितला, मग स्वतः घासून बघितलं. पांढरा.

"माझ्याकडून चालेल," ती म्हणाली. "आता जिजी."

कारण जिजींना काळं हवं होतं. पांढऱ्या रेघांचं नव्हे.

सावलीत वाळलेलं झबलं मी संध्याकाळी जिजींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग अंगठा गळ्याच्या टिपेवरून फिरवत नेला.

"हलवा लावलास व्हय गं?"

तीळ, खसखशीवर पाक चढवून केलेला पांढरा काटेरी हलवा. त्याचे हार, बाजूबंद बोरन्हाणाला काळ्या कपड्यांवर घालतात. मला एक क्षण वाटलं, हो म्हणावं. सगळं सुटत होतं. पण उद्या त्यांना कुणीतरी सांगितलंच असतं, आणि मुख्य म्हणजे मला झोप लागली नसती.

"नाही जिजी. चूक झाली. दोरा चुकीचा लागला. त्यानं रंग घेतलाच नाही."

जिजींनी टाक्यांवरून पुन्हा अंगठा फिरवला.

"रंग घेतला न्हाय त्यानं?" जिजी म्हणाल्या. "ब्येस केलं. ही गौरी हलव्याचा हार घालू द्यायची न्हाय म्हनती पोरीला, त्वांडात घालंल, घशात अडकंल. खरं बी हाय ते. आन् हितं बगा, हलवा बी हाय आन् काडून खाता बी येत न्हाय." त्यांनी गौरीकडं हनुवटी उडवली. "आता तरी पटलं का गं?"

"मला तर आधीच पटलं होतं, जिजी."

"मग त्वांड का असं केलंवतंस?"

"तुम्हाला पटेल का म्हणून!"

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. डोळ्यांत लोखंडाची वाफ गेली असावी, असं अविनाशला सांगितलं.

रविवार: बोरन्हाण

पाटावर बसलेली इरा. काळं झबलं, काळं टोपडं, आणि गळ्याला, बाह्यांना, घेराला हलव्याच्या ओळी. उन्हात ती पांढरी टीप खरंच पाकासारखी चमकत होती. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या डोक्यावरून ओतल्या. इरा आधी दचकली, मग तिनं मांडीतलं एक बोर उचललं आणि अध्यक्षासारखी सगळ्यांकडं बघत बसली. गल्लीतली पोरं तुटून पडली. जिजी काठी आपटत ओरडत होत्या, "लुटा रं! लुटा!"

बायका झबल्याला हात लावून बघत होत्या. "डिझाइन कुणाचं?"

"चूक आहे ती," मी म्हणाले. "दोरा..."

"विहीणबाई, गप बसा वो," शालनबाईंनी मला कोपर मारलं. "चूक म्हनून सांगत्यात का कुनी? डिझाइन ह्यांचं, काळा माजा."

मी तरी प्रत्येकीला खरं सांगितलं. एकीनंही विश्वास ठेवला नाही. "किती साध्या आहेत," असं एक बाई दुसरीला म्हणाल्याचं मी ऐकलं.

तुमच्यासाठी नोंद: एक पिकलेलं बोर इराच्या मांडीवर फुटलं आणि तिथं काळा उतरून तांबूस डाग पडला. आंबट रस या काळ्याला खातो. हे मला माहीत होतं, पण बोरन्हाणाला बोरं असतात, हे डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या वेळी मांडीवर दुपटं टाका.

सगळं आटोपल्यावर गौरी इराला आतल्या खोलीत घेऊन गेली. मी दारात उभी राहिले. तिनं झबलं काढलं, इराची मान उचलून बघितली, मग काखा, मग पाठ. खिडकीशी नेऊन पुन्हा बघितलं. लेकरू घामेजलं होतं. कुठं काळ्याचा मागमूस नाही, कुठं लाली नाही.

"मावशी," गौरी म्हणाली, "काहीच नाही." आणि मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, "जिजी! काहीच नाही!"

"मंग!" बाहेरून उत्तर आलं.

परत

काल पाटसमार्गे पुण्याला आलो. गाडीला अजून त्या डब्याचा वास आहे, कारण शालनबाईंनी उरलेलं पाणी बाटलीत भरून दिलं. झाकण बसत नव्हतं. माझ्या नखांत काळं आहे, ते घासून जात नाही, आणि मी फार घासतही नाही.

काय राहिलं, याचा विचार करते आहे. लोखंड शालनबाईंचं, साल आबांची, आणि ज्या गोष्टीचं सगळ्यांनी कौतुक केलं ती माझी चूक. माझं म्हणावं असं काय, तर रुमाल पांढरा निघेपर्यंत धुणं. एवढं पुरे आहे का? काल रात्री नाही वाटलं. आज सकाळी गौरीनं फोटो पाठवला. झबलं वाळत घातलंय आणि जिजी दोरीखाली खुर्ची टाकून राखणीला बसल्यात. खाली तिनं लिहिलं आहे, "सगळ्या गल्लीला दाखवून झालं. पुढच्या संक्रांतीला शेजारच्या दोन बाळांची झबली करायची आहेत. रेघा पाहिजेतच, असं जिजींनी परस्पर सांगून टाकलंय."

आणि पुरे आहे. झबलं लोखंडानं कधीतरी विरेल, पण इरा त्याच्या आधीच त्यातून मोठी होईल.

उद्याचं काम: ती लेबल नसलेली रीळ फेकायची नाही. वेगळ्या डबीत ठेवून वर "हलवा" लिहायचं.